पोलिसांची गस्त आणि घरबसले प्रेक्षक

रस्त्यात पोलिसांची गाडी थांबली की चार माणसे थांबतात. कोणाला पकडले, कशासाठी पकडले, पिशवीत काय निघाले, हे कळल्याखेरीज पाऊल पुढे पडत नाही. ही उत्सुकता आजची नव्हे आणि केवळ आपल्याच गावची नव्हे. अमेरिकेत तर या उत्सुकतेवर दूरचित्रवाणीचा मोठा व्यवसाय उभा राहिला. तेथे पोलिस गस्तीला निघाले की त्यांच्या पाठोपाठ कॅमेरा निघतो, आणि जे घडेल ते घडत असतानाच लाखो घरांत दाखविले जाते. या चित्रणाचे तुकडे आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून आपल्या ओसरीवरही येऊन पोहोचतात. असले कार्यक्रम माणसांना इतके प्रिय का व्हावेत, आणि ते पाहत असताना आपण नेमके काय करीत असतो, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे ‘कॉप्स’ हा कार्यक्रम. जॉन लँग्ली आणि माल्कम बार्बर या दोघांनी तो निर्माण केला व ‘फॉक्स’ वाहिनीवर तो ११ मार्च १९८९ रोजी सुरू झाला. त्याच्या जन्माला एक संपही कारणीभूत झाला. १९८८ साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी पाच महिने काम बंद ठेवले होते. अशा वेळी ज्याला लेखक नको, नट नको, रंगमंच नको, असा कार्यक्रम कोणत्या वाहिनीला नकोसा होईल? फ्लॉरिडा राज्यातील ब्रॉवर्ड परगण्यात पोलिसांच्या गाडीत चित्रण करणारी माणसे बसली आणि जे दिसले ते त्यांनी टिपले. निवेदकाचा आवाज नाही, उपदेश नाही. संशयित मनुष्य न्यायालयात दोषी ठरेपर्यंत निर्दोषच समजावा, एवढी सूचना मात्र ऐकविली जाई.

परंतु ‘कॉप्स’ हे आधी टिपून मागाहून कापून जोडलेले चित्रण होते. पुढची पायरी २८ ऑक्टोबर २०१६ रोजी गाठली गेली. ‘ए अँड ई’ या वाहिनीने ‘लाइव्ह पीडी’ हा कार्यक्रम आरंभिला. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री, तीन तीन तास, निरनिराळ्या गावांतील पोलिसांची गस्त एकाच वेळी चालू असे. वार्ताकक्षात डॅन ॲब्रम्स हे कायदेपंडित बसत आणि त्यांच्याबरोबरचे अनुभवी पोलिस अधिकारी चाललेल्या गोष्टीचा अर्थ सांगत. एका गावी शांतता असली की चित्र दुसऱ्या गावी जाई. ‘प्रत्यक्ष’ म्हटले तरी अधेमध्ये काही मिनिटांचा विलंब ठेवलेला असे, कारण अत्यंत भीषण प्रसंग घडलाच तर तो थोपविता यावा. अल्पावधीतच हा कार्यक्रम अमेरिकेतील केबल वाहिन्यांवर सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत जाऊन बसला.

या लोकप्रियतेचे रहस्य मारामारीत आहे, असे पुष्कळांना वाटते. ते पुरतेपणी खरे नाही. त्या तीन तासांतील बराच वेळ अगदी साध्या गोष्टींत जाई. मोटारीचा मागचा दिवा बंद असतो, नवराबायकोचे भांडण शेजाऱ्यांनी कळविलेले असते, एखादा मद्यपी आपले घर विसरलेला असतो. पहिले खरे आकर्षण हे की पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसते. कादंबरीत लेखकाला शेवट माहीत असतो; येथे काठी हाती असलेल्या पोलिसालाही तो माहीत नसतो. दुसरे आकर्षण जागेचे. प्रेक्षकाला पोलिसाच्या शेजारचे आसन मिळते. एरवी ज्या दारात आपल्याला कोणी उभे करणार नाही, त्या दारात तो निर्धास्त उभा राहतो. तिसरे आकर्षण त्याहून खोल आहे. आपल्या नित्याच्या जगात लबाडाला शासन झालेले क्वचितच दिसते. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. या पडद्यावर मात्र अपराध, पाठलाग आणि बेड्या हे सारे दहा मिनिटांत उरकते. मनाला समाधान वाटते की कोठेतरी न्याय झाला.

आणखी एक गोष्ट निःपक्षपातीपणे सांगितली पाहिजे. पोलिसाचे काम किती कंटाळवाणे, किती धोक्याचे आणि कधी कधी किती दयाळूपणाचे असते, हे या कार्यक्रमांनी सामान्य माणसाला दाखविले. रडणाऱ्या मुलाशी गुडघे टेकून बोलणारा शिपाई पाहून कोणाचे मन द्रवणार नाही? शिवाय, कॅमेरा समोर असला की पोलिस नीट वागतील, असाही युक्तिवाद केला जाई. उघड्यावर होणाऱ्या कामात अन्याय कमी होतो, हे तत्त्व चुकीचे नाही.

प्रश्न आहे तो हा की जे दिसते ते खरोखर सगळे असते काय? २०१९ साली डॅन टेबर्स्की या पत्रकाराने ‘कॉप्स’विषयी एक ध्वनिमालिका केली. तिच्यासाठी त्या कार्यक्रमाचे ८४६ भाग तपासण्यात आले. प्रत्यक्ष जगात हिंसक गुन्ह्यांचे जे प्रमाण आहे, त्याच्या सुमारे चौपट ते पडद्यावर आढळले. प्रत्येक चित्र खरे, पण चित्रांची निवड अशी की एकंदर जग खोटे. असे जग रोज पाहणारा मनुष्य दाराला दोन कड्या अधिक लावतो आणि अनोळखी माणसाकडे संशयाने पाहू लागतो, तर त्यात नवल ते काय?

आता ज्याच्याकडे कॅमेरा रोखलेला असतो, त्याच्या बाजूने पाहू. एप्रिल १९९२ मध्ये मेरीलँड राज्यातील रॉकव्हिल गावी भल्या पहाटे पोलिस एका घरात शिरले. त्यांना त्या घरातील मुलगा हवा होता. तो घरी नव्हता. त्याचे आईबाप अंथरुणातून उठून रात्रीच्याच वस्त्रांनिशी बाहेर आले. पोलिसांबरोबर एका वृत्तपत्राचा वार्ताहर व छायाचित्रकारही आत आला होता आणि त्याने त्या स्थितीत छायाचित्रे घेतली. ती कधी छापली गेली नाहीत. तरीही त्या दांपत्याने दाद मागितली. १९९९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अटकेचा हुकूम पोलिसांना घरात शिरण्याचा अधिकार देतो, त्यांच्या मागून येणाऱ्या वार्ताहरांना नव्हे. निर्णय घराच्या उंबरठ्यापुरता होता. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते संरक्षण लाभले नाही, आणि गस्तीच्या कार्यक्रमांचे चित्रण प्रामुख्याने रस्त्यावरच चालते.

रस्त्यावरच्या माणसावर खटला भरला जाईल, तो निर्दोष सुटेल, किंवा त्याला केवळ समज देऊन सोडले जाईल. ते सारे पुढे, कॅमेरा निघून गेल्यावर, होते. प्रेक्षकाच्या स्मरणात राहतो तो त्याचा घाबरलेला चेहरा, चिखलाने भरलेले कपडे आणि दारात रडणारी मुले. पूर्वी माणसाची नाचक्की झाली तर ती गावाच्या वेशीपर्यंत जाई आणि दोन पावसाळ्यांत विसरली जाई. पडद्यावरच्या नाचक्कीला वेस नाही आणि विसरही नाही.

टेक्सास राज्यातील विल्यमसन परगण्यातील घटना तर याहून गंभीर आहे. मार्च २०१९ मध्ये तेथील पोलिसांनी रात्री एका चाळीस वर्षांच्या कृष्णवर्णी गृहस्थाचा पाठलाग केला. समोरून येणाऱ्या गाडीसाठी त्याने आपल्या मोटारीचे दिवे मंद केले नाहीत, हे मूळ कारण. तो थांबला नाही, ही त्याची चूक होती. बावीस मिनिटांनी गाडी आदळून थांबली. पोलिसांनी विजेचा धक्का देणारे शस्त्र वारंवार वापरले. आपल्याला हृदयविकार आहे, श्वास घेता येत नाही, असे तो सांगत राहिला आणि त्यातच त्याचा अंत झाला. ‘लाइव्ह पीडी’चे चित्रण करणारे लोक त्या वेळी तेथे हजर होते. तो भाग दाखविला गेला नाही आणि पुढे ते चित्रण नष्टही करण्यात आले. न दाखविलेले चित्रण जपून ठेवावयाचे नाही, अशी त्या कार्यक्रमाची रीत होती. त्या रात्री काय झाले हे लोकांना कळले ते जून २०२० मध्ये, आणि तेही मदतीस आलेल्या दुसऱ्या एका पोलिसाच्या छातीवरील कॅमेऱ्यामुळे. संबंधित दोन पोलिसांवर खटला चालला. मार्च २०२४ मध्ये पंचमंडळाने त्यांना निर्दोष ठरविले. तो निर्णय मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. करमणुकीसाठी रात्रभर जागणारा डोळा साक्षीची वेळ येताच कोठे गेला?

जून २०२० मध्येच, मिनिआपोलिस येथे पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूने सारा देश हादरला असता, ‘लाइव्ह पीडी’ आणि ‘कॉप्स’ दोन्ही बंद करण्यात आले. २०२१ साली टेक्सासने कायदा करून आपल्या पोलिसांना असल्या कार्यक्रमांशी करार करण्यास मनाई केली. पण लोकांची भूक शमली नव्हती. २०२१ मध्ये ‘कॉप्स’ परतला आणि जुलै २०२२ मध्ये त्याच ॲब्रम्स यांचा ‘ऑन पेट्रोल: लाइव्ह’ हा तसाच कार्यक्रम ‘रील्झ’ वाहिनीवर सुरू झाला.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येणार नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला तेव्हा आपल्या वाहिन्यांनी सुरक्षादलांच्या हालचाली घडत असतानाच दाखविल्या. सीमेपलीकडे बसलेले हल्लेखोरांचे सूत्रधार त्या पाहत होते आणि दूरध्वनीवरून आपल्या माणसांना सावध करीत होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ पासून अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईचे प्रत्यक्ष प्रक्षेपण नियमाने बंद झाले. देशाच्या प्राणावर बेतल्यावर जे आपल्याला कळले, ते एकट्यादुकट्या माणसाच्या अब्रूच्या बाबतीतही कळावयास हवे.

यासाठी दूर जाण्याची गरज नाही. पोलिस झडती घेतात तेव्हा गावातील दोन प्रतिष्ठित व निःपक्ष माणसे पंच म्हणून बोलावली जातात, ही रीत आपल्याकडील थोरामोठ्यांना परिचित आहे. पंच जे पाहतो त्याखाली सही करतो, आणि प्रसंग पडल्यास न्यायालयात उभा राहून आपले पाहणे खरे करून दाखवितो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण करणे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे आवश्यक केले आहे. म्हणजे येथेही कॅमेराच आहे. पण तो न्यायाचा पंच आहे. बाजारातला बघ्या नव्हे. पंचावर जबाबदारी असते, बघ्यावर ती नसते. असल्या कार्यक्रमांची मोहिनी हीच की ते बघ्याला पंच झाल्याचा भास देतात.

म्हणून आईवडिलांनी मुलांच्या हातातील पडदा हिसकावून घ्यावा, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे: या माणसाचे पुढे काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे काय? त्याची बाजू कोणी ऐकली? त्याच्या जागी आपला काका किंवा भाऊ असता, तर हे चित्र आपण शेजाऱ्यांना दाखविले असते काय? आणि कोणाच्या दारातील असले दृश्य आपल्या हाती आले, तर ते पुढे धाडण्यापूर्वी घटकाभर थांबावे. ते न्यायासाठी उपयोगी असेल तर योग्य अधिकाऱ्याकडे द्यावे. तसे नसेल, तर ते आपल्यापाशीच थांबू द्यावे.