डिस्क दोन, प्रत एकच

गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि १५ जीबीची मर्यादा घरोघरी टोचू लागली. दरमहा पैसे भरायचे नसतील तर घरीच एक छोटा सर्व्हर ठेवावा, हा विचार मग बऱ्याच जणांच्या मनात येतो. पुढचे सगळे आठवडे जातात ते प्रोसेसर, रॅम आणि डिस्कच्या याद्या करण्यात. घरच्या सर्व्हरबद्दलचे निम्मे गैरसमज या याद्यांतच असतात. ज्याची काळजी करायला हवी, ते मात्र यादीत सहसा नसतं.

सर्व्हर म्हटलं की रॅक, एसी आणि पंख्यांची घरघर डोळ्यांपुढे येते. घरासाठी यातलं काहीच लागत नाही. ऑफिसांतून निवृत्त झालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. वीतभर लांबीरुंदीचं हे यंत्र विशेष काम नसताना साधारण १० ते १५ वॅट घेतं. १५ वॅट धरले तरी महिन्याला ११ युनिट होत नाहीत. उलट कुणीतरी ‘फुकट घेऊन जा’ म्हणून दिलेला जुना रॅक सर्व्हर सहज १०० वॅट खातो, म्हणजे महिन्याला ७२ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर महागडा टप्पा सुरू होतो. फ्रिज आणि पंख्यांच्या वापरावर ही ७२ युनिट चढली की त्या फुकट यंत्राची किंमत बिलावर दिसते.

दुसरी समजूत सिनेमांची : फोर-के चित्रपट घरभर दाखवायचा तर दणकट ग्राफिक्स कार्ड हवं. खरं तर टीव्हीला ती फाइल जशीच्या तशी चालवता येत असेल, तर सर्व्हरला ती फक्त पाठवायची असते. त्याला जवळपास काहीच कष्ट पडत नाहीत. टीव्हीला तो प्रकार झेपत नसेल, किंवा ब्ल्यू-रेवरून आलेली चित्ररूप सबटायटल्स चित्रावर उमटवायची असतील, तरच फाइल चालता चालता नव्याने घडवावी लागते. त्यासाठीही इंटेलच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाची सोय आहे. सातव्या पिढीपासूनचा प्रोसेसर असेल तर हल्लीच्या दहा-बिट एचईव्हीसी फाइलींनाही तो पुरतो. सर्व्हरवरचे सिनेमे टीव्हीपर्यंत पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी जेलिफिन ही सोय फुकट वापरू देतं, प्लेक्स त्यासाठी पैसे घेतं. जेलिफिनचा जन्मच मुळी डिसेंबर २०१८ मध्ये, एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड बंदिस्त केल्यावर झाला. आणि चित्रपट अडखळलाच, तर आधी टीव्हीकडे बघावं. कित्येक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट आजही १०० मेगाबिटचंच असतं आणि फोर-के डिस्कवरच्या मूळ फाइलीचा वेग मध्येच त्याच्या वर जातो. अशा वेळी घरचं चांगलं वायफाय केबलपेक्षा बरं ठरतं, हे ऐकून जुने नेटवर्कवाले भुवया उंचावतात.

आता मुख्य मुद्दा. ‘माझ्याकडे रेड आहे, दोन डिस्कवर सगळं लिहिलं जातं, म्हणजे बॅकअप झालाच’ हे वाक्य फार लोक फार आत्मविश्वासाने म्हणतात. रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीहून मांडली. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा ताफा वापरायचा, आणि त्यातली एखादी बिघडली तरी काम चालू ठेवायचं, असा तिचा हेतू. म्हणजे ती गाडीतली स्टेपनी आहे : पंक्चरला उपयोगी, पण गाडी चोरीला गेली तर स्टेपनीही जाते. मुलाने चुकून ‘लग्न’ नावाचं फोल्डर उडवलं, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. लॅपटॉपमधून शिरलेल्या रॅन्समवेअरने शेअर केलेल्या फोल्डरला कुलूप लावलं, तर रेड ते कुलूपही इमानेइतबारे दोन्हीकडे लावते. पावसाळ्यात वीज पडून पॉवर सप्लाय जळाला तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात. फोन आणि सर्व्हर यांच्यात दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या सिंकचंही तेच. एका टोकाला पुसलं की दुसऱ्या टोकाला पुसलं जातं.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला तीन-दोन-एकचा हिशेब इथे कामाला येतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउडच हवा असं नाही. भावाच्या घरी किंवा गावी कपाटात ठेवलेली, गणपतीला आणि दिवाळीला जाताना बदलायची बाहेरची हार्ड डिस्क चालते. तीच सगळ्यांत स्वस्त. आणि बॅकअपमधून एखादं फोल्डर परत काढून, उघडून बघितल्याशिवाय तो बॅकअप धरू नये.

‘घरात आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हा रेडवाल्या गैरसमजाचाच भाऊ. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती डिस्क जगभर एका झटक्यात रिकाम्या झाल्या. २०१५ नंतर त्यांना अपडेट मिळालं नव्हतं आणि त्या इंटरनेटला उघड्या जोडलेल्या होत्या. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीच्या साठवण-यंत्रांतल्या फाइलींना कुलूप घालून प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. दोन्ही वेळा यंत्रं मालकांच्या घरातच होती.

म्हणून राउटरवर पोर्ट उघडून सर्व्हर बाहेरून दिसेल असा ठेवू नये. आपल्याकडे अनेकांना ते जमतही नाही, कारण ब्रॉडबँड कंपनी असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. राउटरवर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल तर तुम्हीही त्या रांगेत आहात. अशा वेळी स्टॅटिक आयपीसाठी वर्षाचे पैसे भरायला धावू नका. वायरगार्ड हे व्हीपीएन २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि त्यावर उभं असलेलं टेलस्केल दोन्ही बाजूंनी बाहेरच्या दिशेने जोडणी करतं. पोर्ट उघडावं लागत नाही आणि ट्रेनमध्ये बसून घरचे फोटो दिसतात.

बाकी किरकोळ. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते ती दुकानदाराने फसवल्यामुळे नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरायची तर दर टीबीमागे एक जीबी रॅम लागतेच, हेही घरापुरतं खरं नाही. ८ जीबीत संसार नीट चालतो.

आणि स्वस्ताईचं म्हणाल, तर फोटो शंभर-दोनशे जीबीच असतील तर पैसे भरून घेतलेला क्लाउडच परवडतो. डिस्क, घराबाहेरची दुसरी डिस्क, यूपीएस, वीज आणि तुमचे रविवार धरले की घरचा हिशेब काही टीबींच्या पुढे जुळू लागतो.

हे रविवार घरात एकाच माणसाचे जातात आणि पासवर्डही त्यालाच ठाऊक असतात. तेव्हा घरच्या इतरांसाठी एक प्रत विंडोजलाही वाचता येणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत, साध्या वर्षवार फोल्डरांत ठेवा. लिनक्सच्या ईएक्सटी-फोर पद्धतीची डिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावली तर तो ती फॉरमॅट करायची का एवढंच विचारतो, आणि घाईत कुणीतरी ‘हो’ म्हणतं.