डाळ गिरणीचा वीजखर्च : क्विंटलमागे युनिटे किती?

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वश्रुत आहे. ह्या भागातील शिवारात कपाशी व सोयाबीन ह्यांच्या जोडीला तूर घेतली जाते. ही तूर बाजारात जशीच्या तशी विकावयाची आणि पुढे तिचीच डाळ दुकानातून विकत आणावयाची, हा व्यवहार शेतकऱ्याच्या हिताचा नव्हे. तूर गावातच भरडली जावी ह्या दृष्टीने अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाने (स्थापना १९६९) पीकेव्ही मिनी डाळ गिरणी विकसित केली, आणि विदर्भात बचत गटांनी व होतकरू तरुणांनी अशा गिरण्या घातल्या.

परंतु गिरणी घालणे निराळे आणि ती चालविणे निराळे. भरडाईचा दर गावकऱ्यांच्या ऐपतीबाहेर वाढविता येत नाही. विजेचे बिल मात्र दरमहा येतच राहते. हंगामाअखेर हिशेब जुळला नाही की गिरणीला कुलूप लागते, आणि गावची तूर पुन्हा व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते.

ह्यावर पहिला उपाय एका वहीचा आहे. दररोज काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर मीटरचे आकडे टिपावेत आणि त्या दिवशी किती तूर भरडली तेही लिहावे. वापरलेल्या युनिटांना क्विंटलांनी भागिले असता क्विंटलमागील वीजखर्च निघतो. बिलाची रक्कम काम वाढले तरी वाढते, त्यामुळे तिच्यावरून दोष कळत नाही. क्विंटलमागची युनिटे वाढू लागली, की यंत्रात किंवा कामाच्या रीतीत काही बिघडले आहे हे निश्चित समजावे.

बहुधा दोष आढळतो तो रिकाम्या फिरणाऱ्या मोटारीत. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ह्या मानाने ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर, स्वतःतील घट धरून, तासाला सुमारे साडेचार युनिटे घेते. पोते संपले, गिऱ्हाईक बोलत बसले, दुसरे पोते सोडावयाचे आहे, तोवर गिरणी फिरतच असते. अशा वेळी मोटार व यंत्र मिळून तासाला दीड युनिट जाते असे समजू. दिवसाकाठी दोन तास असे गेले, तर पंचवीस दिवसांत ७५ युनिटे एक दाणाही न भरडता खर्ची पडतात. म्हणून येईल तसे पोते न लावता माल साठवून सलग भरडावा. प्रत्येकाची डाळ निराळी ठेवण्याचा आग्रह असतो, आणि तो रास्तही आहे. तरी चार घरांना एकच वार नेमून दिला तर कोणाचीच अडचण होत नाही.

दुसरी गळती पट्ट्यात असते. सैल पट्टा घसरतो व तापतो. फार ताणलेला पट्टा बेअरिंगावर भार टाकतो. दोन्ही कप्प्या एका रेषेत आहेत की नाहीत हे दोरी धरून पाहावे. रूळ गुळगुळीत झाला असेल तर तीच तूर दोनदा फिरवावी लागते, म्हणजे वीजही दुप्पट लागते. पिठाची चक्की जोडीला असल्यास तिच्या दगडांना वेळेवर टाकी लावावी.

ओलसर तूर हा तर उघड तोटा आहे. तेल-पाणी लावलेली तूर नीट वाळली नाही तर टरफल सुटत नाही आणि चुरी वाढते. फाल्गुन-चैत्रातील वऱ्हाडचे ऊन फुकटचे आहे. त्यात माल पुरता वाळवून मगच भरडावा.

बिलाचा कागदही वाचावा. महाराष्ट्रात डाळ गिरणी व पिठाची गिरणी औद्योगिक वर्गात मोडतात. बिलावर वाणिज्यिक दर लागलेला दिसल्यास वितरण कंपनीकडे लेखी अर्ज करावा. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी चालविणे मात्र नियमबाह्य आहे. गिरणी बंद असली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. पावसाळ्यात ऊन नसल्याने डाळीचे काम थांबते, तेव्हा तिखट, हळद वा पीठ दळण्याचे काम धरले तर तो आकार अधिक मालावर विभागला जातो. डाळ राखून ठेवून कार्तिकातील यात्रेत किरकोळ विकण्याचाही कौंडण्यपूरकरांनी विचार करावा.

भिंतीच्या प्लगमध्ये खोचावयाची ‘वीज बचतीची पेटी’ विकणारे गावोगाव फिरतात. तिने मीटरची युनिटे कमी होत नाहीत. ते पैसे नव्या पट्ट्याला लावावेत. मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसविणे ही निराळी गोष्ट आहे. त्याने तारेतील प्रवाह घटतो, आणि लांबच्या वाहिनीवर दाब कमी मिळत असेल तर मोटार तापण्याचे प्रमाण कमी होते. लहान जोडणीत युनिटांची बचत त्याने थोडीच होते, हे आधी सांगून टाकावे. बसविण्याचे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ भार शिल्लक राहतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गिरणीस भेट देताना प्रथम वही मागावी. वही नसेल तर तेथेच बसून त्या दिवसाचा मीटरचा आकडा मालकाच्या हाताने लिहवून घ्यावा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन दोन्ही आकडे त्याच्यासमोर मांडावेत.