बाइकचा गिअर लिव्हर ढिला झालाय? वेल्डिंगआधी एवढे तपासा

गिअर टाकायला पाय मारावा, लिव्हर नुसताच वर-खाली हलावा आणि गाडी मात्र त्याच गिअरमध्ये राहावी, असा अनुभव अनेक दुचाकीस्वारांना येतो. शहरात असे झाले तर गाडी ढकलत गॅरेज गाठता येते. पण पाथर्डी रस्त्यावरचा करंजी घाट किंवा संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट उतरताना खालचा गिअर पडला नाही, तर इंजिनचा आधार मिळत नाही आणि मागे माणूस किंवा दुधाचे कॅन असलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. दोन गावांमधल्या लांब पट्ट्यात गॅरेज सापडेलच असे नाही. म्हणून हे दुखणे घरीच ओळखलेले बरे.

लिव्हर ढिला का होतो?

इंजिनच्या डाव्या बाजूने एक पोलादी दांडा बाहेर येतो. तो गिअर शाफ्ट. त्याच्या टोकावर बारीक दाते असतात आणि लिव्हरच्या भोकातही तसेच दाते असतात. हे दाते एकमेकांत बसतात. लिव्हरला एका बाजूने फट असते. बोल्ट आवळला की ती फट मिटत येते आणि लिव्हर शाफ्टला घट्ट धरतो. इंजिनची थरथर, खड्डे आणि टाचेने जोरात मारलेला गिअर यामुळे बोल्ट हळूहळू सैल होतो. तसाच गिअर टाकत राहिले की दाते एकमेकांवर घासून झिजतात.

दोष नेमका कुठे?

इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि गाडी मेन स्टँडवर लावा. शाफ्टच्या टोकापासून लिव्हरपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. आता लिव्हर हाताने वर-खाली हलवा.

- रेघ तुटली, म्हणजे लिव्हर हलतो आणि शाफ्ट जागेवर राहतो : बोल्ट सैल आहे किंवा दाते झिजले आहेत.
- रेघ सरळ राहिली, शाफ्ट फिरतो, पण गिअर पडत नाही : दोष इंजिनच्या आत किंवा क्लचमध्ये असू शकतो. मेकॅनिकला दाखवा.
- लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामध्ये जोडदांडी असलेली गाडी : दांडीच्या दोन्ही टोकांचे सांधे आणि नटही तपासा.

थोडासा खेळ प्रत्येक गाडीत असतो, त्याची काळजी नको. शाफ्टजवळ ऑइल दिसत असेल, तर ऑइल सील बदलावे लागेल.

दुरुस्ती कशी करायची?

बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. बोल्ट पूर्ण बाहेर काढा. अनेक गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता सैल केल्याने लिव्हर निघत नाही. हातोडी मारू नका. दोन्हीकडचे दाते जुन्या टूथब्रशने आणि थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने साफ करून पुसा.

दाते धारदार असतील, तर लिव्हर आधीच्याच खुणेवर बसवा, नवा स्प्रिंग वॉशर घाला आणि बोल्ट आवळा. बोल्ट लहान असतो. पान्यावर पाय देऊन आवळला तर आटे जातात. आवळल्यावर फट पूर्ण मिटली आणि तरीही लिव्हर हलत असेल, तर तो लिव्हर संपला. नवा घ्या. शाफ्टचे दाते शाबूत असतील, तर एवढ्यावर काम भागते.

वाटेतच गिअर पडेनासा झाला, तर कोल्ड्रिंकच्या कॅनची पातळ पट्टी कापून दात्यांमध्ये घालायची आणि बोल्ट आवळायचा. ही सोय फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाण्यापुरती.

वेल्डिंग का नको?

‘दोन टाके मारून देतो’ हा सल्ला स्वस्त वाटतो. पण त्या उष्णतेने शेजारचे ऑइल सील जळू शकते. लिव्हर शाफ्टला कायमचा चिकटला की पुढे सील किंवा त्या बाजूचे कव्हर काढताना तो कापावा लागतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकांत फ्युएल इंजेक्शन आणि त्याचे इलेक्ट्रॉनिक युनिट असते. बॅटरी न काढता वेल्डिंग केल्यास त्यालाही धोका पोहोचतो.

खर्चाचा हिशेब असा : बोल्ट आणि वॉशर काही रुपयांत मिळतात. लिव्हर त्याहून महाग, पण तो बाहेरूनच बदलता येतो. शाफ्टचे दाते गेले, तर बहुतेक गाड्यांत ऑइल काढून क्लचच्या बाजूने इंजिन उघडावे लागते; म्हणजे मजुरी वेगळी आणि गाडी गॅरेजमध्ये.

त्यामुळे बोल्ट आवळल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर तो पुन्हा तपासा. पुढे दर वेळी ऑइल बदलताना मेकॅनिकला या बोल्टवरही पाना फिरवायला सांगा.