तलाव, बोडी आणि आपला हक्क

तलाव आणि बोडी यांत फरक काय, हा प्रश्न नागभीड-सिंदेवाहीकडच्या कोणत्याही धान पिकवणाऱ्या माणसाला विचारा. तो चटकन सांगेल, तलावाचे पाणी गावाच्या बांध्यांना जाते, बोडीचे पाणी ती ज्याच्या शेतात आहे त्याच्या बांधीला.

पुस्तकातले उत्तर वेगळे आहे. ज्याच्या तळापर्यंत सर्वत्र ऊन पोहोचते आणि वनस्पती रुजू शकतात, ते लहान तळे. जे इतके खोल की उन्हाळ्यात वर गरम व खाली थंड असे पाण्याचे थर पडतात, ते सरोवर. पाणथळ जागांच्या रामसर करारातील वर्गवारीत 8 हेक्टरांची रेषा धरली आहे. पण पक्की सीमा शास्त्रालाही आखता आलेली नाही. धान उत्पादकाने मात्र पाणी किती खोल हे सांगितलेच नाही. पाणी कोणाचे, हे त्याने सांगितले.

आपल्या चळवळीला हा फरक नवा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब गेले, तेव्हा ते तळे लहान की मोठे, याचा वाद कोणीच घातला नव्हता. पुढे कोर्टात सनातन्यांनी दावा लावला तो मालकीचा आणि वहिवाटीचा. तळे आमचे आहे, अस्पृश्यांना मनाई करण्याचा आम्हाला अधिकार आहे! 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि मनाईची पुरातन वहिवाट सिद्ध झाली नाही. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आला, हे आपण जाणतोच.

आता चांद्याकडे या. या भागात तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची गोंडकालीन पद्धत होती. तिला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाचा भाग आजही आहे. कोहळी समाजाने तलाव बांधण्याची विद्या जपली, धीवरांनी मासे आणि शिंगाड्यांवर पोट भरले. मग मालगुजारी आली. मालगुजार म्हणजे तलावाचा धनी, असे समीकरण झाले. पाळीवर माती वाहणाऱ्यांची नावे कोणत्या दप्तरात आहेत?

चांदा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असताना 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली. गावाचे तलाव शासनाकडे गेले. म्हणूनच त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. परंतु मालकाच्या वहिवाटीच्या जमिनीतली बोडी त्याच्याकडेच राहिली. एकाच पावसाचे पाणी, एकाच ओढ्यातून आलेले, एका ठिकाणी सार्वजनिक आणि दुसऱ्या ठिकाणी खासगी झाले. फरक कागदाने केला.

कागदाने आणखी एक फरक केला आहे. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी खास बांधलेले जलसाठे पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले. लोणारचे नैसर्गिक सरोवर त्या व्याख्येत बसते. आपला माणसाच्या हाताने बांधलेला सिंचनाचा तलाव बसत नाही. शेकडो वर्षे पक्षी, मासे, कमळे आणि माणसे जगवूनही बसत नाही.

मोठ्या तलावासाठी निदान कोणी बोलते. चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावात सांडपाणी येत राहिले, तेव्हा 2021 साली इको-प्रोचे बंडू धोतरे उपोषणाला बसले. शहरालगतची बोडी बुजवून भूखंड पाडले, तर उपोषणाला कोण बसणार? बोडी बुजली की खालच्या बांध्या कोरड्या पडतात आणि पहिली झळ बसते ती रोवणीच्या मजुरीवर जगणाऱ्या भूमिहीनांना. ते कोण आहेत, हे वेगळे सांगायला नको.

हत्यारे आपल्याजवळ आहेत. गावतळी आणि सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जगपालसिंग खटल्यात सर्व राज्यांना बजावले. अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतीकडे दिले. 2006 च्या वनहक्क कायद्याने जलसाठ्यातील मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखवली. आणि विदर्भात निस्तारपत्रक आहेच. गावाने कोणत्या जागेचा, कशासाठी वापर करायचा, हे त्यात लिहिलेले असते.

म्हणून कार्यकर्त्यांना एकच सांगणे. येत्या ग्रामसभेआधी आपल्या गावचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची नक्कल काढा. त्यात किती तलाव आहेत, ते मोजा. मग पाळीवर जाऊन प्रत्यक्ष किती उरले आहेत, ते मोजा. दोन आकड्यांत जो फरक निघेल, तोच ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आहे.