सापांचे रंग आणि रंगांचा बाजार

डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईच्या विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाचे सामान महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी तपासले. बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांत दडवलेले ११ जिवंत साप त्यातून निघाले. नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. ज्या देशात सापांची वाण नाही, त्या देशात कोणी विमानाचे भाडे खर्चून साप का आणावा? दंश होऊ नये म्हणून आपण रात्री कंदील घेऊन चालणारी माणसे. आपल्याला हे कोडेच वाटणार. पण कोड्याचे उत्तर सापात नाही, त्याच्या रंगात आहे.

बॉल पायथन हा आपल्या अजगराचा आफ्रिकेतला धाकटा भाऊ. घाना, टोगो, बेनिन या बाजूचा. लांबी तीन-चार फूट, विष नाही, स्वभाव भित्रा. भय वाटले की डोके मध्ये घालून चेंडूसारखी गुंडाळी करतो, म्हणून हे नाव. रानात त्याचा रंग काळपट तपकिरी, म्हणजे पाचोळ्यात व मातीत मिसळून जाणारा. पण परदेशी बाजारात आज तो पिवळा-पांढरा, राखी, ठिगळाठिगळांचा, एवढेच काय, निळ्या डोळ्यांचा शुभ्र असाही मिळतो. या प्रकारांना तिकडे मॉर्फ म्हणतात, आणि त्यांची मोजदाद हजारांत जाते. यातला एकही साप रंगवलेला नाही, सगळे जन्मतःच तसे.

लालबाग-परळच्या गिरण्यांतले छपाईखाते ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही गोष्ट समजावणे सोपे आहे. कापडावर चार रंगांचे फूल उमटायचे तर प्रत्येक रंगाचा कोरीव रूळ वेगळा असे. काळ्याचा रूळ उचलून घेतला तर फूल नाहीसे होत नाही; काळ्या रेघा जातात, पिवळे तसेच राहते. सापाच्या कातडीतही काळ्या-तपकिरी रंगाच्या पेशी वेगळ्या, पिवळ्या-तांबड्याच्या वेगळ्या, आणि प्रकाश परतवून चमक देणाऱ्या वेगळ्या. काळे द्रव्य बनवणाऱ्या यंत्रणेत एका जनुकात बिघाड झाला की उरते पांढऱ्यावर पिवळी नक्षी आणि लालसर डोळे. यालाच आपण वर्णहीन साप म्हणतो. पिवळ्याचा रूळ बंद पडला तर साप राखी होतो. म्हणजे बाजारात ज्याला नवा रंग म्हणून भाव येतो, तो पुष्कळदा जुन्यातला एखादा रंग वजा झालेला असतो.

आता हा बिघाड मुद्दाम वाढवतात कसा? प्रत्येक पिलाला एक प्रत आईकडून, एक बापाकडून मिळते. वर्णहीनतेसारखा सुप्त गुण दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच दिसतो. याचा नामांकित दाखला आपल्या देशातला आहे. १९५१ साली रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी पांढऱ्या वाघाचा बछडा पकडला व त्याचे नाव मोहन ठेवले. बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीपासून त्याला झालेली पिले सगळी पिवळी. मग त्याच पिलांपैकी राधा ही त्याची मुलगी मोहनशीच जोडली; १९५८ साली चार पांढरे बछडे जन्मले. बापाला मुलगी जोडायची, हीच ती युक्ती. आज जगातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांच्या वंशावळीत हा मोहन आहे, आणि त्यांच्यातला तिरळेपणा डोळ्यांच्या नसांपर्यंत पोचलेला आहे.

सापांच्या बाबतीत हाच मार्ग. १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी बंदिवासात पहिले वर्णहीन बॉल पायथन जन्माला घातले, आणि मग धंद्याला चाक लागले. सगळेच रंग सुप्त नसतात. काही एका प्रतीनेही दिसतात. ‘स्पायडर’ नावाचा रंग असाच. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, दिसायला देखणी. पण या सापांच्या आतल्या कानाची घडण बिघडलेली असते. त्यामुळे त्यांचे डोके डुलते, तोल जातो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. व्यापाऱ्यांना हे ठाऊक आहे, तरी तो विकला जातो.

माझे आयुष्य कामगारांत गेले, म्हणून प्रत्येक मालामागे मजुरी किती, हे मी आधी पाहतो. बिळे उकरून अंडी असलेल्या माद्या काढणारा टोगोचा शेतकरी जे पैसे घेतो, त्याच्या कित्येक पट किंमत परदेशातल्या दुकानात लागते. शिवाय गिरणीच्या कापडासारखेच, यंदाची नवलाई पुढल्या हंगामात सवलतीच्या टेबलावर. भाव टिकवायचा तर पुन्हा नवा रंग हवा.

या धंद्याची बाजू मांडणारे म्हणतात, की पिंजऱ्यात पैदास झाली म्हणजे रानावरचा ताण हलका होतो. हे अगदीच खोटे नाही. ज्याला नुसता पाळीव साप हवा त्याची गरज पिंजऱ्यातली पैदास भागवते. पण आफ्रिकेतून लाखोंच्या संख्येने हे साप बाहेर गेले आहेत, आणि रानातून आलेल्या पिलांत एखादा अनोखा रंग निघेल या आशेनेही त्यांना गिऱ्हाईक असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या सापाला धोक्याच्या उंबरठ्यावरच्या जातींत घातले आहे. आणि पिंजऱ्यातला पिवळा साप रानात परत सोडता येत नाही. पाचोळ्यावर तो घारीला लांबून दिसेल. शिवाय जवळच्या नात्यातल्या जोड्यांमुळे त्याचे रक्त एकसुरी झालेले असते.

संवर्धनासाठी केलेली पैदास पाहायची असेल तर आपल्या काळा घोड्याजवळच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे काम पाहा. हरियाणात पिंजोर येथे त्यांनी गिधाडे वाढवली. तेथे कोणी पांढरे गिधाड शोधत बसले नाही. उलट, अनेक घराण्यांचे रक्त टिकावे हा कटाक्ष. आणि ज्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मेली, त्या औषधावर २००६ साली गुरांसाठी बंदी आली. मरणाचे कारण दूर केल्यावाचून पैदास करून उपयोग काय? अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनेही २०११ साली दुर्मिळ सुप्त रंगांसाठी मुद्दाम पैदास करण्याविरुद्ध भूमिका घेतली.

दुसरे टोकही आहे. फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर सुटले, सोडले गेले, आणि तेथली मध्यम आकाराची सस्तन जनावरे त्यांनी जवळजवळ पुसून टाकली. मुंबईच्या खाडीकाठी असे काही होऊ नये एवढ्यासाठी तरी कायदा समजून घ्यावा. १९७२ च्या कायद्याने आपले नाग-अजगर पाळणे व विकणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्राण्यांचीही नोंद देणे बंधनकारक झाले.

राहिला प्रश्न आपल्याकडच्या पांढऱ्या नागाचा. सर्पमित्रांना अधूनमधून तो सापडतो. मग गर्दी, फुले, दुधाची वाटी. सापाला दूध पचत नाही, हे येथे सांगून ठेवतो. असा नाग दिसला तर वनखात्याला कळवावे व तो सापडला त्याच आसमंतात सोडू द्यावा. तो तेथे फार दिवस जगेलच असे नाही. जगला आणि तपकिरी मादीशी त्याची जोडी जमली, तर पिले बहुधा सगळी तपकिरीच निघतील.