इंच, सेंटिमीटर आणि बंद पडलेली १३३ दुकानं

रात्री साडेअकराला ॲपवर मॅगी शोधावी आणि समोर ‘आउट ऑफ स्टॉक’ यावं, की आपण ॲपच्या नावाने बोटं मोडतो. पण त्या डार्क स्टोअरमध्ये मॅगीची किती पाकिटं ठेवायची, हे रोज बसून ठरवणारा माणूस बऱ्याचदा नसतोच. ते सॉफ्टवेअर ठरवतं. मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांमध्येही तेच.

यामागचं गणित आपल्याला अकरावीतही जमलं असतं. समजा एका दुकानात एका बिस्किटाचे रोज सरासरी १२ पुडे खपतात. गोदामातून नवा माल यायला ३ दिवस लागतात. म्हणजे माल येईपर्यंत ३६ पुडे लागणार. अचानक गिऱ्हाईक वाढलं किंवा ट्रक अडकला तर म्हणून वर १० पुडे. झाले ४६. शिल्लक ४६ वर आली की सिस्टीम स्वतःच गोदामाला ऑर्डर सोडते. याला म्हणतात रीऑर्डर पॉइंट. सप्लाय चेनमध्ये डेटा ॲनालिटिक्स जे काम करतं त्याचा मोठा भाग म्हणजे हे १२, ३ आणि १० सतत तपासत राहणं. गणपतीत १२ चे ३० होतात का? पावसाळ्यात भिवंडीहून निघालेल्या गाडीला जास्त वेळ लागतो का? आकडे बरोबर असले तर कुणी फोन न उचलताही शेल्फ भरलेलं राहतं.

आणि चुकले तर? त्याचं कॅनडात घडलेलं उदाहरण सप्लाय चेन शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

टार्गेट ही अमेरिकेतली प्रचंड मोठी रिटेल कंपनी. २०११ मध्ये तिने कॅनडात उतरायचं ठरवलं आणि तिथल्या झेलर्स या जुन्या साखळीच्या जागा १.८ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजून ताब्यात घेतल्या. सीमेपलीकडे जाऊन टार्गेटमध्ये शॉपिंग करणारे कॅनेडियन लोक खूश होते. मार्च २०१३ मध्ये पहिली दुकानं उघडली, वर्ष संपेपर्यंत शंभरच्या वर गेली. गर्दी झाली आणि लोकांना दिसली रिकामी शेल्फ. गंमत म्हणजे तेव्हाच कंपनीची गोदामं मालाने इतकी भरली होती की नवा माल ठेवायला जागा नव्हती.

माल आहे, गिऱ्हाईक आहे, मग अडलं कुठे? ‘कॅनेडियन बिझनेस’ या मासिकाने २०१६ मध्ये माजी कर्मचाऱ्यांशी बोलून याचा सविस्तर रिपोर्ट छापला होता. अमेरिकेतली टार्गेटची सिस्टीम वर्षानुवर्षं घरच्या घरी घडवलेली होती. तिला कॅनेडियन डॉलर आणि फ्रेंच अक्षरं झेपत नव्हती. म्हणून कॅनडासाठी सॅप हे नवं सॉफ्टवेअर घेतलं. ते चांगलंच आहे, जगभर चालतं. पण ते रिकामं येतं. जवळपास ७५,००० वस्तूंची माहिती त्यात भरायची होती. प्रत्येक वस्तूमागे डझनावारी रकाने: लांबी, रुंदी, उंची, वजन, बारकोड, एका खोक्यात किती नग.

हे भरायला कोण बसलं? बरेचसे नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले फ्रेशर्स. आपल्यासारखेच. डोक्यावर डेडलाइन, आणि सप्लायरने पाठवलेली माहिती खरी की खोटी हे विचारायचा अनुभव नाही. मग सेंटिमीटरच्या जागी इंच पडले. लांबीच्या रकान्यात रुंदी गेली. कुठे चलन चुकलं, कुठे एखादा आकडाच गळला.

‘इंचाने काय एवढं बिघडतंय?’ असं वाटत असेल तर कॅल्क्युलेटर काढा. ४० सेंटिमीटर बाजू असलेलं चौकोनी खोकं कुणी ४० इंच म्हणून टाकलं, तर प्रत्येक बाजू २.५४ पट झाली. घनफळ? १६ पटींहून जास्त! एका खोक्याच्या जागी १६ खोक्यांची जागा लागेल असं सिस्टीम धरून चालणार. ट्रक अर्धा रिकामा असताना तिच्या लेखी भरलेला. उलटी चूक झाली तर माल शेल्फपाशी पोचतो आणि शेल्फवर मावतच नाही. माणूस असता तर खोकं बघून म्हणाला असता, ‘अरे, हे काहीतरीच लिहिलंय.’ सिस्टीमला खोकं दिसत नाही, फक्त रकाना दिसतो.

त्या रिपोर्टनुसार, कंपनीने नंतर तपासणी केली तेव्हा कॅनडाच्या सिस्टीममधली फक्त ३० टक्के माहिती बरोबर निघाली. अमेरिकेत हेच प्रमाण ९८-९९ टक्के होतं. त्यात विक्रीचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरला आधीच्या काही वर्षांची विक्री लागते. नव्या देशात ती कुठून आणणार? त्या जागी दुकानं उघडण्याआधीचे आशावादी अंदाज वापरले गेले. आपल्या उदाहरणातला १२ हा आकडाच मुळात कुणाच्या तरी आशेवर बेतलेला.

मला यातला सगळ्यात भारी, म्हणजे सगळ्यात वाईट भाग वेगळा वाटतो. दुकानांतल्या किती वस्तू संपल्या आहेत यावर हेड ऑफिसमध्ये लोकांचं मोजमाप व्हायचं. काहींच्या लक्षात आलं, की एखाद्या वस्तूची आपोआप ऑर्डर जाण्याची सोय बंद केली की ती वस्तू ‘संपलेली’ म्हणून मोजलीच जात नाही. मग काय, बटण बंद! कागदावर स्टॉक झकास, दुकानात शेल्फ रिकामं. असाइनमेंटच्या मार्कांसाठी आपण सर्व्हेचे फॉर्म मित्रांकडून भरून घेतो, त्याचीच ही कॉर्पोरेट आवृत्ती.

२०१३ च्या शेवटी इतर कामं बाजूला ठेवून माहिती हाताने तपासायला लोक बसवले गेले. पण रिकाम्या शेल्फला कंटाळलेलं गिऱ्हाईक तोवर निघून गेलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने कॅनडातली सगळी १३३ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. साधारण १७,६०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातल्या बहुतेकांनी ते रकाने कधी बघितलेही नसतील.

आता आपल्याकडे या. डेटा ॲनालिटिक्सचे कोर्स गल्लोगल्ली निघालेत आणि त्यात पायथन, डॅशबोर्ड, रंगीत ग्राफ हे सगळं शिकवतात. शिकायलाच हवं. पण तिथे सरावाला मिळणारी फाइल आधीच धुऊन-पुसून ठेवलेली असते. पहिल्या नोकरीत मिळणारी तशी नसते. एका वस्तूची चार नावं, तारखा उलटसुलट, वजन कधी ग्रॅममध्ये तर कधी किलोत. आणि हे निस्तरण्याचं काम ऑफिसमध्ये सगळ्यात ज्युनिअरकडे येतं, म्हणजे आपल्याकडे. बोअर काम म्हणून ते उरकून टाकायचा मोह होतो. टार्गेटची गोष्ट आठवली तर निदान एकदा मेजरपट्टी घेऊन खोक्यापाशी जावंसं वाटेल.

प्रॅक्टिस करायची असेल तर गल्लीतलं किराणा दुकान झकास. काकांना विचारून पंधरा दिवस एकाच वस्तूचा हिशेब ठेवा: सकाळी किती, आलं किती, विकलं किती. चौथ्या-पाचव्या दिवशी एक घोळ नक्की सापडेल. माल दुपारी संपला तर संध्याकाळची विक्री शून्य दिसते. सिस्टीम त्याचा अर्थ ‘कुणाला नको होतं’ असा लावते आणि पुढच्या वेळी आणखी कमी मागवते. काकांना मात्र ठाऊक असतं, की संध्याकाळी चार जण येऊन विचारून गेले. वहीत या चौघांसाठी चौथा रकाना आखा. त्यांची नोंद बिलात कधीच होत नाही.