सापशिडीतून बाळंतपणाचे हक्क

गरोदर बायकांना त्यांचे हक्क समजावेत म्हणून सापशिडीचा पट वापरण्याची कल्पना चांगली आहे. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटातही पुण्याच्या शिड्या आणि पापांचे साप होतेच. पण एक अडचण आहे. शिडी मिळते ती फाशावर पडलेल्या दानामुळे. खेळणारीला काही ठरवावे लागत नाही, बोलावे लागत नाही. हक्काचे नेमके उलटे असते.

2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त आणि सिझेरियनसुद्धा. साध्या बाळंतपणात 3 दिवस आणि सिझेरियननंतर 7 दिवसांपर्यंत जेवण, शिवाय जाण्यायेण्याचे वाहन. तरीही "औषध बाहेरून आणा" असे कुणी म्हटले, की घरचे माणूस मुकाट्याने दुकानाकडे धावते. माहिती असणे वेगळे आणि कळा येत असताना ती तोंडून निघणे वेगळे.

म्हणून आम्ही नियम असा बदलू: साप आला तरी लगेच घसरायचे नाही. एकीने सिस्टर व्हायचे, एकीने सासू. खेळणारीने आपले म्हणणे मोठ्याने मांडायचे. बाकीच्यांना पटले तर ती वाचली! हसतखिदळत का होईना, वाक्य जिभेवर बसते.

साप कोणते काढायचे? थॅडियस आणि मेन या संशोधिकांनी 1994 मध्ये मातामृत्यूंमागचे तीन उशीर मांडले: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला, तिथे पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. पटाचे असेच तीन पट्टे करता येतील. साताऱ्यात पाटणच्या डोंगरातल्या वाडीसाठी दुसरा पट्टा मोठा हवा. पावसात रस्ता खचला तर गाडी कुठवर येईल, हे आधीच विचारून ठेवायला हवे. सांगलीकडे ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या गरोदर बाईची आशाताई मागे गावीच राहिलेली असते. पहिलटकरीण माहेरी जाते तेव्हाही तेच. "तुमचे नाव इथे नाही" हा साप दोघींनाही चावू शकतो. त्यावर "कार्ड दुसऱ्या गावचे असले तरी सरकारी दवाखान्यात मला मोफत सेवा मिळायला हवी" हे वाक्य घोकून घ्यावे.

दहावीची मुले पुठ्ठ्यावर हा पट सहज करतील. गाडीचा क्रमांक आणि जवळचे रुग्णालय आशाताईंकडून तपासून घ्यावे. चारपाच घरे मात्र कोरी ठेवावीत; तिथे कोणता साप काढायचा, ते बायकाच सांगतील.